मुकेशचं रक्त

मला राग पटकन येतो. लाज उशिरा येते, पण आली की हलत नाही. सध्या ती आमच्या अख्ख्या घरात मुक्कामाला आहे.

आम्ही जांभूळचे. माझे बाबा हरिचंद्र तिथल्या वॉटर वर्क्सवर व्हॉल्व्हमन आहेत. आज कुठल्या लाईनला पाणी, उद्या कुठल्या, ते त्यांच्या हातात. घरात मात्र त्यांच्या हातात काही नाही. घर आई चालवते. मोतीबाई ओट्यावर आली की गल्लीतली माणसं आधी आवाज कमी करतात आणि मग बोलतात. माझा मोठा भाऊ समर्थ अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. मी जिज्ञासा, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात ऑर्डरी सांभाळते. आणि कीर्ती, माझी वहिनी, अंबरनाथच्या बुवापाड्याची. दादाच्याच कंपनीत पॅकिंगला होती, तिथेच जमलं. आईला ते अजून पचलेलं नव्हतं. मुलगी आपल्यातली नाही, देशावरून आलेल्यांची, आणि तिची आई कौसाबाई कॅम्पमधल्या सिंध्यांच्या घरी पापड लाटायला जाते, हे आई येताजाता काढायची.

कीर्तीला दिवस गेले. सरकारी हॉस्पिटलात नाव घातलं, रक्त तपासलं, आणि त्यात थॅलेसेमिया मायनर निघालं. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून समजावून सांगणाऱ्या मॅडमकडे तिच्याबरोबर मी गेले.

मॅडम शांत होत्या. बोलल्या, "तुम्हाला स्वतःला काही होणार नाही. रक्ताचं एक जनुक आईकडून येतं, एक वडिलांकडून. तुमचं एक बिघडलेलं आहे, दुसऱ्यावर काम भागतं. पण मिस्टरांचंही असंच निघालं, तर बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेली येऊ शकतात. चारात एक शक्यता. मग त्या बाळाला जन्मभर बाहेरचं रक्त चढवत राहावं लागतं."

कीर्ती बोलली, "पण सोनोग्राफीत तर बाळ एकदम व्यवस्थित आहे म्हणाले."

"असणारच. आत्ता कळणारच नाही," मॅडम बोलल्या. "बाळाचं पहिलं रक्त बाळाच्या अंगात होतच नाही. बाजूला एक एवढीशी पिशवी असते, तिच्यात होतं. नंतर ते काम बाळाचं लिव्हर घेतं, आणि शेवटी हाडांच्या आतला मगज. कुठल्या पेशीने रक्त व्हायचं, कुठे व्हायचं, जागा कधी बदलायची, हे सगळं जनुकं ठरवतात. एक जागं होतं, ते पुढच्यांना उठवतं. रक्तातलं हिमोग्लोबिनसुद्धा बदलत जातं. पिशवीत असताना एका जनुकावर, पोटात वाढताना दुसऱ्यावर, आणि जन्मल्यावर तिसरं हळूहळू ताबा घेतं. तुमचं बिघडलंय ते तिसरं. त्याची पाळी अजून आलेलीच नाही. म्हणून दोष असला तरी बाळ जन्मताना गुटगुटीत असतं, आणि पाच-सहा महिन्यांनी पांढरं पडायला लागतं."

कीर्तीने पोटावर हात ठेवला. मॅडमनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मिस्टरांची तपासणी याच आठवड्यात करा. दोघांचं निघालं तर बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची तपासणी करता येते. उशीर केलात तर सगळंच अवघड होत जाईल."

घरी येऊन मी जमेल तसं सांगितलं. बाबांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. "म्हंजे एक लाईन बंद करून दुसरी खोलायची, मंग तिसरी," ते बोलले. "आन् तिसऱ्या लायनीला गलती हाय, पन तिचं पानी अजून सोरलंच नाय." मी हो बोलले.

आई जवळा निवडत होती. मान वर न करता बोलली, "तो आजार सिंध्यांचा हाय. आपल्यान नाय." मग जरा थांबून, "पापर लाटाया जातं ना तिची आय, किती वर्सं जातं, कोनाला ठाव."

याचा अर्थ न कळायला कीर्ती काही लहान नव्हती. ती उठून आत गेली. मला आईचा राग आला, पण त्या दिवसांत माझं लक्ष माझ्यातच होतं. बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या जयदेवशी माझं ठरलं होतं, साखरपुडा तोंडावर होता, आणि मी साडीच्या रंगावरून रोज त्याचं डोकं खात होते.

दादाने तपासणी हॉस्पिटलात केली नाही. शिफ्ट जुळत नाही, बदलापूरच्या एका लॅबमध्ये देतो बोलला. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला. नॉर्मल. कीर्तीला रडू आलं, मी तिला मिठी मारली, बाबांनी देवाला हात जोडले. दादा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. मला वाटलं, सुटला बिचारा टेन्शनमधून.

त्याच रविवारी कौसामावशी मुलीला भेटायला आली. पिशवीत तिच्यासाठी पापड, तांदळाचे खिचिया, ओलं खोबरं घातलेले लाडू. ओट्यावर शेजारची राजाबाई बसलेली. आईने मावशीला बस म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"आमच्या समर्थचं रगत साफ निंगालं. मंग तुमच्या पोरीला सिंध्यांचा आजार कुठशी आला, ते तुमीच सांगा. कॅम्पान तुमी लगनाच्या आदीपासून जाताव का नंतर?"

राजाबाईने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की लाजेने, देव जाणे. मावशीने पिशवी हळूच ओट्यावर ठेवली, जशी काय आत काचेची भांडी आहेत. कीर्ती दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. आणि मी? मी कानाला फोन लावून "आई, गप ना गं" एवढं बोलले आणि जयदेवशी बोलत आत गेले. विहिणी-विहिणींचं चालायचंच, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी कीर्ती मावशीबरोबर माहेरी गेली. दादाने तिला अडवलं नाही. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

मग मुकेश भेटला. मुकेश दादाचा शाळेपासूनचा दोस्त, टेम्पो चालवतो, आमच्या कारखान्याचा मालही त्याच्याच टेम्पोत जातो. मी चलान द्यायला खाली गेले, तर हसत हसत बोलला, "तुझ्या भावाला सांग, माझी पार्टी बाकी आहे. त्याच्या नावाने सुई टोचून घेतली मी. एवढा मोठा बाप्या, सुईला घाबरतो यार."

मी विचारलं, कुठली सुई.

"अगं ती लॅबमधली. समर्थ म्हणून मीच गेलो ना. नाव विचारलं, नाव सांगितलं. खतम."

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आमच्याकडे हे चालतंच. कंपनीत याच्या कार्डावर तो पंच करतो, ग्रामसभेत सासऱ्याच्या जागी जावई सही ठोकतो, रेशनच्या लाईनीत एकाने पाच घरांचा नंबर लावायचा. कोणाचं काही अडू नये म्हणून एकमेकांची प्रॉक्सी मारायची, त्याला आम्ही माणुसकी म्हणतो. मुकेशला वाटलं, रक्ताचंही तसंच.

मी हाफ डे टाकून दादाची कंपनी गाठली आणि त्याला गेटवर बोलावलं. मला बघूनच त्याचा चेहरा पडला.

"आई बोलली," तो बोलला. "तुझं लग्न तोंडावर आहे. घरात असं काही निघालं तर जयदेवकडचे मागे सरतील. आधी साखरपुडा होऊ दे, मग खरी टेस्ट करू."

"मग म्हणजे कधी? मॅडमनी बारा आठवडे सांगितले होते."

"मला काय माहीत एवढी घाई असते."

"मी सांगितलं होतं, दादा. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

तो बुटाने माती उकरत राहिला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण रागाच्या खालून पहिल्यांदाच दुसरं काहीतरी वर येत होतं. हे सगळं माझ्यासाठी केलं होतं. कोणी मला विचारलं नव्हतं, हे खरं. पण मी एकदाही कोणाकडे नीट बघितलं नव्हतं, हेही खरं. बघितलं असतं तर दादाचा चेहरा मी तेव्हाच ओळखला असता.

घरी येऊन आईसमोर उभी राहिले. वाटलं होतं, ती माझ्यावरच चढेल. ती खाली बसली.

"माझ्या बहिनीचा पोर होता," ती बोलली. "गोरा, गुबगुबीत. सा महिन्यांनी पांढरा होत गेला. प्वाट फुगलं. देवाचं केलं, झारपाला केला, डॉक्टर केला. वर्साचा झाला नि गेला. तू हॉस्पिटलातून येऊन सांगत होतीस ना, तवा माझ्या डोल्यासमोर तोच आला."

"म्हणजे तुला माहीत होतं, की हे आपल्यात असू शकतं?"

आईने मान खाली घातली.

"आणि तरी तू मावशीला तसं बोललीस?"

"तिचं हाय म्हनलं की आपलं नाय होत," आई इतक्या हळू बोलली की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. माझ्या आईला हळू बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं. मी तिच्यावर ओरडायला आले होते, आणि आता तिच्याकडे बघवेना.

मी तशीच बुवापाड्याला गेले. रिक्षात बसून वाक्यं जुळवत होते. वहिनी, रागवू नकोस. वहिनी, जरा ऐकून घे. एकही धड जुळेना.

कीर्ती एकटीच होती. मावशी कामावर, कीर्तीचे बाबा बाळाजी कंपनीत. मी दारातच सांगून टाकलं की दादाचं रक्त तपासलेलंच नाही, ते मुकेशचं होतं. मला वाटलं ती आरडाओरडा करेल, दादाला शिव्या घालेल. मी तयार होते. ती भिंतीला टेकली.

"जिज्ञा," ती बोलली, "मी आईला विचारलं गं."

"काय विचारलंस?"

"तेच. समर्थचा रिपोर्ट नॉर्मल होता ना. मग मला हे आलं कुठून. सासूबाई बोलल्या ते डोक्यातून जाईना. आई भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, मी बाबांचीच ना? खरं सांग."

मला पाणी मागावंसं वाटलं, पण मागायला तोंड नव्हतं.

"आईने भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी तिने कामावर खाडा केला आणि बाबांना हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरने घरातल्या सगळ्यांना बोलावलंय असं सांगून. बाबांना वाटलं, पोरीच्या बाळंतपणासाठी लागत असेल, आनंदाने गेले. रिपोर्ट आला. बाबांचं आहे. मायनर. त्यांच्याकडूनच मला आलंय." तिने नाक पुसलं. "आईने कागद माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. तेव्हापासून सगळं करते माझं. डोक्याला तेल लावते, दूध देते. पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. आणि बाबांना का तपासलं ते बाबांना माहीत नाही. कळू द्यायचं नाही, एवढंच बोलली."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण तो हात नुसता माझ्या हातात होता.

पुढचं सगळं धावपळीत झालं. दादाला मी स्वतः सरकारी हॉस्पिटलात नेलं. कीर्तीही आली. तो सॉरी बोलला, ती बोलली, "आधी रक्त दे." त्याच्याबरोबर मीही दिलं. त्याचं आणि माझं, दोघांचंही मायनर निघालं. आईकडून आलं होतं, तेही नंतर तपासून घेतलं. मॅडमनी कोणाला काही ऐकवलं नाही, फक्त तारीख बघितली आणि त्याच दिवशी मुंबईच्या हॉस्पिटलात फोन लावला.

कारखान्यात सुट्टी मागायला गेले तर आमच्या सिंधी शेठाणीने कारण विचारलं. मी सांगितलं. ती बोलली, "हमारे में तो रिश्ता पक्का होने से पहले दोनों का टेस्ट कराते हैं, बेटा. मेरी पोती को देखा है ना, हर तीन हफ्ते खून चढ़ता है. हम सीख गए. तुम लोग नहीं कराते?" मी नाही म्हणून मान हलवली. इतकी वर्षं त्या बाईच्या चहाला मी मागून नावं ठेवत आले होते.

जयदेवला मीच फोन करून सांगितलं, माझं मायनर आहे, तुझी तपासणी झाल्याशिवाय साखरपुडा नाही. त्याच्या घरी कुरबुर झाली, तारीख पुढे गेली. तो तपासणीला आला तेव्हा मी बरोबर गेले आणि सुई त्याच्याच दंडात शिरेपर्यंत समोर उभी राहिले. लॅबवाला बोलला, मॅडम, बाहेर बसा. मी बोलले, नाही बसत. त्याचं नॉर्मल आलं. त्याचा आनंदही मला धड करता आला नाही.

मुंबईला बाळाच्या तपासणीसाठी कीर्तीच्या पोटात सुई घातली तेव्हा दादा बाहेर कठड्याला धरून उभा होता. रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत आमच्या घरी टीव्ही लागला नाही. बाबा ड्युटीवरून आले की विचारायचे, "आला?" आणि आम्ही नाही बोलायचो. वाईट निघालं तर काय करायचं ते कीर्तीने मनाशी ठरवलं होतं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क आम्ही घालवला होता.

रिपोर्ट आला. बाळ मायनर. आईबापासारखंच, एक बिघडलेलं, एक चांगलं. व्यवस्थित जगेल, खेळेल. दादा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. कीर्तीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आईने लुगडं बदललं आणि मला बोलली, "चल. बुवापार्‍याला जाव." कशाला, मी विचारलं. "पाय धराया," ती बोलली. आईने जन्मात कोणाची माफी मागितलेली नाही. बाबांचीसुद्धा नाही. रिक्षात ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती. मी कान दिला तर, "कौसाबाय, मी तुमाला घान बोललू. माजीच जीभ नासली." एवढंच पुन्हा पुन्हा. मध्येच माझ्याकडे बघून बोलली, "राजाबाईला पन सांगन मी. ओट्यावर बोललू, ओट्यावर सांगन." मला आईबद्दल खूप दिवसांनी बरं वाटलं.

घरात बाळाजीकाका होते. त्यांना सुट्टी होती. आम्हाला बघून ते धडपडत उठले, खुर्ची पुसली, पंखा वाढवला. कीर्ती आतल्या खोलीच्या दारात, मावशी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ पाठमोरी. आई खुर्चीवर बसली नाही. सरळ मावशीकडे निघाली, हात जोडलेलेच होते.

"कौसाबाय," ती बोलली.

तेवढ्यात काका मध्ये आले.

"विहीणबाई, तुम्ही बोलायच्या आधी मला बोलू द्या," ते बोलले. त्यांनीही हात जोडले होते. केस नुकतेच विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. "हा दोष माझ्याकडनं आलाय पोरीला. डॉक्टरनी सांगितलं. मला ठावकी असतं तर लग्नाच्या आधीच तुमच्या कानावर घातलं असतं. तुमच्या चांगल्या घराला माझ्यापायी येवढा घोर लागला. रात-रात झोप नाही मला. मोठ्या मनानं माफ करा."

आईने काकांच्या खांद्यावरून मावशीकडे बघितलं. मावशी वळली होती. पहिल्यांदाच तिने आईच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. नाही. एक शब्द नाही.

मला सगळं समजलं, आणि कीर्तीलाही. आईने माफी मागितली असती तर कशाची, ते काकांनी विचारलं असतं. मग त्यांना कळलं असतं की त्यांच्या बायकोला काय म्हटलं गेलं, आणि त्यांच्या मुलीने काय विचारलं, आणि त्यांना कशासाठी हॉस्पिटलात नेलं होतं. ते तसेच हात जोडून उभे होते, उत्तराची वाट बघत.

आईने जोडलेले हात खाली घेतले.

"असूं द्या," ती बोलली.

काकांनी सुस्कारा सोडला. "तुमचं मन लई मोठं," ते बोलले, आणि मावशीला चहा टाकायला सांगितलं.